पाटातलं पाणी

गॅरेजवाल्या चाचांनी जुना पेपर अंथरला, त्यावर माझ्या गाडीच्या इंजिनात हवा कोंबणारा टर्बो ठेवला आणि हात पुसत म्हणाले, "सर, गाडी बंद कोण करतंय?" मला प्रश्नच कळला नाही. "बंद म्हणजे?" तर म्हणाले, "चावी. चावी कोण फिरवतंय, आन कवा?" दोन शंख पाठीला पाठ लावून जोडावेत तसा तो टर्बो दिसत होता. एक शंख ॲल्युमिनियमचा, अजून चकाकी असलेला. दुसरा बिडाचा, गंजाच्या रंगाचा. मधून जाणारा दांडा जेमतेम पेन्सिलीएवढा. चाचांनी त्या दांड्याचं टोक चिमटीत धरून हलवलं तसा खटखट आवाज आला. हा एवढा प्ले आला की संपलं, असं ते म्हणाले. मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं मधल्या भागात खरवडलं. पेपरवर काळ्या खपल्या पडल्या. दुधाच्या पातेल्याच्या बुडाला धरते ना, तशी खरवड. फक्त ही दुधाची नव्हती, ऑईलची होती. "हे बघा, ऑईल जागच्या जागी करपलंय. गाडी तापलेली असताना बंद केली की असं होतंय. एकदा दोनदा नाही, लई वेळा."

मी म्हणालो, "मीच करतो बंद."

हे खरंच होतं. चावी फिरवणारा हात माझाच. पण बाहेर लिंबाखाली बाकड्यावर चहाचा कप घेऊन माझे वडील, आप्पा, बसले होते, आणि उत्तर देताना माझं लक्ष तिकडं गेलं. त्यांनी ऐकलं का नाही, मला माहीत नाही. ते समोरच्या टायरवाल्याकडं बघत होते. त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

गाडी घेतली २०१३च्या दसऱ्याला. तेव्हा पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरमागं वीसेक रुपयांचं अंतर होतं, त्यामुळं डिझेलच घ्यायची हे आमच्याकडं गाडी बघायच्या आधीच ठरलेलं. डिझेल तेव्हा महिन्याला ५० पैशांनी वाढायला लागलंच होतं, पण पुढच्या ऑक्टोबरात भाव पूर्ण खुला होईल आणि ते अंतर बघता बघता आटत जाईल, याचा विचार आम्ही कुणी केला नव्हता. सेडान घ्यायचं कारण डिकी. लातूरहून गावाकडं जाताना किराणा, येताना ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ, आईनं बांधून दिलेली लोणच्याची बरणी, आणि माणसं पाच. एवढं ओझं घेऊन दीड लिटरचं इंजिन चढ चढतं ते टर्बोच्या जोरावर. पहिल्यांदा औसा रोडवर ती ओढ जाणवली तो क्षण मला अजून आठवतो. टॅकोमीटरचा काटा दोन हजाराच्या पुढं गेला आणि मागून कुणीतरी पाठीला हात लावून पुढं ढकलावं तशी गाडी निघाली. सोबत एक बारीक शीळ. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, ती म्हणाली, "बाबा, गाडी शिट्टी वाजवतीय." पुढं कितीतरी दिवस ती शिट्टी ऐकण्यासाठी मी उगाच तिसऱ्या गिअरवर गाडी दाबायचो.

मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुरात किती ऊर्जा वाया जाते, हे मी फळ्यावर आकृती काढून सांगत आलो आहे. तो वाया जाणारा धूरच कामाला लावायचा, ही कल्पना आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरची. त्याचं पेटंट १९०५चं. धूर एका बाजूचं चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा म्हणजे जास्त डिझेल जाळता येतं, म्हणजे जास्त ओढ. हे सगळं मला तोंडपाठ. पण तो पेन्सिलीएवढा दांडा मिनिटाला दीड लाखावर फेरे घेतो आणि तो कुठल्या छर्‍याच्या बेरिंगवर नाही, तर ऑईलच्या केसाहून पातळ थरावर तरंगत फिरतो, हे मला चाचांनी सांगितलं तेव्हा खरं कळलं. त्या ऑईलला तिथं ढकलणारा पंप इंजिनावर चालतो. तुम्ही चावी फिरवली की पंप थांबला. दांडा मात्र आपल्या जोरावर अजून फिरतोय, आणि शेजारचा बिडाचा शंख धुरानं इतका तापलाय की रात्र असती तर लाल दिसला असता. त्या उष्णतेत अडकून पडलेलं चमचाभर ऑईल करपतं. त्याचा कोळसा होतो, ऑईलच्या वाटा बुजतात, पुढच्या वेळी दांड्याला ऑईल कमी मिळतं. असं होत होत दांडा घासतो. उपाय काय, तर घाट चढून किंवा हायवेवरून पळवून आलात की गाडी जागेवर मिनिटभर चालू ठेवायची. "गल्लीतनं हळूहळू आलात तर लगेच बंद केली तरी चालतंय," चाचा म्हणाले. "पण पळवून आलात तर तिला दम खाऊ द्या की."

एक मिनिट. त्याला डिझेल किती लागतं? एक रुपयाचं, फार तर दीड.

आणि आमच्या घरात नेमका तोच रुपया कधी जळू दिलेला नाही. आप्पांची विहीर घरापासून लांब, शेताच्या वरच्या अंगाला. लाईट यायची तेव्हा यायची, नाहीतर डिझेल इंजिन. हँडल मारून चालू करायचं, टुकटुक करत काळा धूर ओकणारं. डिझेल पाच लिटरच्या डब्यात, तालुक्याहून सायकलला अडकवून आणलेलं. मी दहा-बारा वर्षांचा असेन. माझं काम दारं धरायचं, म्हणजे एक वाफा भरला की खोऱ्यानं माती सरकवून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं. शेवटचे दोन वाफे कोरडे असतानाच आप्पा इंजिन बंद करायचे. मी ओरडायचो, "आप्पा, आजून भिजलं नाही." ते वरूनच म्हणायचे, "पाटातलं पाणी पुरतंय." आणि खरंच पुरायचं. विहिरीपासून वाफ्यापर्यंतच्या लांब पाटात जेवढं पाणी असायचं तेवढं घरंगळत येऊन नेमकं शेवटच्या वाफ्याच्या कडेला संपायचं. त्या अंदाजाचं मला आजही नवल वाटतं. पाटाचा उतार, जमिनीची तहान, उन्हाचा कडाका, सगळं त्यांच्या डोक्यात. मला त्यांनी शिकवलं, बहिणींची लग्नं केली, ते असल्या अंदाजांवरच. एक एक पळीभर डिझेल वाचवून.

तीच सवय गाडीत आली. गावाच्या कमानीपाशी उतार लागला की म्हणायचे, "बंद कर, आपोआप जाती." उतारावर इंजिन बंद केलं की ब्रेक दगड होतो, हे सांगून सांगून मी ते बंद पाडलं. पण गाडी थांबता थांबता त्यांचं "बंद कर की" यायचंच. हँडब्रेक ओढायच्या आधी. आणि मी पन्नाशीला आलेला माणूस, पण त्यांचा तो आवाज आला की हात आपोआप चावीवर जायचा. वाद घालावा असं त्यात मला कधी काही दिसलंच नाही.

२०२३ साली आईच्या आजारपणात आम्ही दर एकवीस दिवसांनी संभाजीनगरला जात होतो. पहाटे तीनला निघायचं. अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई. दवाखान्यात दिवस जायचा, सलाईन संपायला दुपार व्हायची, मग परत. बीड सोडलं की मांजरसुंब्याचा घाट लागतो. येताना तो चढ. मे महिना, बाहेर त्रेचाळीस, गाडीत चौघं, एसी पूर्ण, पुढं कंटेनर. तिसऱ्या गिअरवर गाडी दाबत, शिट्टी वाजवत वर यायचो, आणि वर आल्या आल्या चौकातल्या हॉटेलासमोर चहाला थांबायचो. टर्बो सगळ्यात जास्त तापलेला असायचा तो नेमका तिथं. गाडी उभी राहिली की आप्पा म्हणायचे, "बंद कर." मी चावी फिरवायचो. एसी थांबायचा. आई मागच्या सीटवर उशीला टेकून डोळे मिटून पडलेली असायची, ती खाली उतरायची नाही. तिच्या अंगात बळ नसायचं, आणि चहाचा वाससुद्धा तिला सहन व्हायचा नाही. मिनिटभरात गाडी आतून भट्टी व्हायची. तिनं कधी तक्रार केली नाही. एवढंच म्हणायची, "काच खाली घे रं जरा."

ते एक मिनिट गाडी चालू राहिली असती तर टर्बो वाचला असता, हे मला चाचांकडं कळलं. आईला गारवा मिळाला असता, हे कळायला मला कुणाची गरज नव्हती. तरी मी चावी फिरवत राहिलो. आणि आप्पा तरी ते डिझेल कशासाठी वाचवत होते? पुढच्या खेपेसाठीच ना. खिशातल्या छोट्या वहीत ते प्रत्येक खेपेचा खर्च लिहून ठेवायचे. त्यात डिझेलचा आकडा सगळ्यात वर, औषधांच्याही आधी, कारण तेवढा एकच आकडा आपल्या हातात आहे असं त्यांना वाटायचं.

टर्बो गेला तो पुढच्या वर्षी, नोव्हेंबरात. आधी शिट्टीचा सूर बदलला. बारीक शीळ होती ती लांबून ॲम्ब्युलन्स यावी तशी भरदार झाली. मी म्हटलं, फिल्टर बदलायला झाला असेल. मग एका संध्याकाळी केजच्या पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायला म्हणून मी बाहेर काढली आणि गाडीनं ओढच घेतली नाही. पाय पूर्ण दाबलेला, समोरून दोन दिवे येतायत, आणि गाडी जागची हलेना. कशीबशी परत रांगेत घातली. आरशात बघितलं तर मागं काळा धूर. डॅशबोर्डवर पिवळा इंजिनाचा दिवा. तिथून लातूरपर्यंत गाडी साठच्या पुढं गेली नाही. काहीतरी बिघडलंय हे कळलं की गाडीचा कॉम्प्युटरच इंजिनाचा जोर कापतो, म्हणजे पुढचं नुकसान होत नाही. ते चांगलंच आहे, पण रात्रीच्या अंधारात मागून ट्रक हॉर्न मारत असताना तसं वाटत नाही.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये अख्खा टर्बो बदलायचा ७४ हजारांचा आकडा सांगितला, मजुरी वेगळी. घरी येताना मी मनात भागाकार करत होतो. आमच्याकडं कुठलाही मोठा खर्च रुपयांत पुरता कळत नाही, तो क्विंटलमध्ये कळतो. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि लातूरच्या आडतीवर आमचं सोयाबीन गेलं ४,२०० नं. म्हणजे साडेसतरा क्विंटल. आमच्या रानात पाऊस बरा झाला तर एकरी आठ-नऊ क्विंटल निघतं. दोन एकराची रास त्या दोन शंखांत. म्हणून मी चाचांकडं गेलो. त्यांनी पुण्याहून फक्त मधला कोर मागवला, तो ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पार्सल आला. कोर साडेएकोणीस हजार, ऑईल येणारा पाईप नवीन, टर्बोतून येणारी तापलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा होज चिरलेला होता तो, ऑईल, फिल्टर, गॅस्केट, मजुरी. सगळे मिळून ३४ हजार. जुना ऑईल पाईप त्यांनी मुद्दाम मला दाखवला. आतून काडी जाईना इतका बुजलेला. हा पाईप न बदलता नवीन टर्बो बसवणारे मिस्त्री आहेत, आणि मग तो दोन महिन्यांत परत जातो, असं ते म्हणाले. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांच्याकडं आयुष्यभर जाईन.

गाडी पोसणं म्हणजे हप्ता आणि डिझेल, असं घेताना वाटतं. आमच्या भागात तिला आणखी बरंच काही खातं. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा प्यायच्या पाण्याची ही गत, तर रेडिएटरला कुठलं चांगलं पाणी मिळणार? मी बोअरचं ओतलं. दोन वर्षांनी रेडिएटर काढला तर आत पांढरी पुटं, चहाच्या किटलीत बसतात तशी. आता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरशिवाय काही घालत नाही. एअर फिल्टरचं तेच. पुस्तिकेत दिलेलं अंतर शहरातल्या रस्त्यांसाठी असावं. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत गावाकडं पंधरा दिवस गाडी फिरली की फिल्टरमधून ओंजळभर भुसकट निघतं. फिल्टर कुठं ढिला बसला की तीच धूळ टर्बोच्या चाकाला लागते. माझ्या चाकाच्या पात्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. आणि खरे कुरतडणारे वेगळेच. गावी गाडी वाड्यात पोत्यांच्या थप्पीशेजारी उभी असते. एकदा उंदरांनी एका रात्रीत वायरिंग तोडलं, नऊ हजार गेले. तेव्हापासून बॉनेटखाली तंबाखूच्या पानांची पुरचुंडी बांधलेली असते. उंदीर येत नाहीत, पण गाडी तापली की आत तंबाखूचा वास दरवळतो. क्लच एकदा झाला, बावीस हजार. लोअर आर्म आणि बुश किती वेळा झाले, ते मी मोजणं सोडलंय. २०२८ साली गाडीला पंधरा वर्षं होतील, मग पुन्हा नोंदणी, तिची पाच हजार फी, वर हरित कर. विकायला काढली तर दीड लाख देतो म्हणाले. मी नाही म्हणालो.

चाचांनी टर्बोबरोबर आणखी एक गोष्ट दाखवली, ती मी आप्पांच्या सवयीआड लपवून ठेवायला बघत होतो. जुनं ऑईल. बोटावर घेऊन त्यांनी ते अंगठ्यानं चोळलं. काळंकुट्ट, आणि बोटाला चिकटून तार धरणारं. "सर, हे किती चालवलंय?" दहा हजार किलोमीटरला बदलायचं ऑईल मी सतरा हजार चालवलं होतं. आजारपणाच्या त्या वर्षात सर्व्हिसिंगची तारीख आली की पैसे दवाखान्याकडं वळायचे आणि मी स्वतःला म्हणायचो, पुढच्या महिन्यात. म्हातारं झालेलं ऑईल लवकर करपतं. आप्पा म्हणाले म्हणून मी गाडी बंद केली खरी, पण करपण्यासारखं ऑईल मीच तिच्यात ठेवलं. पाटातलं पाणी पुरेल, हा अंदाज मीही बांधला होता. फक्त आप्पांचा अंदाज चुकत नसे.

परवा भाचा पुण्याहून विचारत होता, मामा, टर्बो पेट्रोल घेऊ का? हल्ली एक लिटरच्या तीन सिलिंडरच्या इंजिनालाही टर्बो येतो, आणि ते ओढतंही झकास. मी म्हटलं, घे. पण ऑईल तारखेला बदल, पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच टाक, आणि जुनी घेणार असशील तर इंटरकूलरचा होज काढून आत बोट फिरवून बघ. थोडा ओलसरपणा चालतो, ऑईल ओघळून आलं तर सरळ उठून ये. शोरूममध्ये त्याला कुणी हे सांगणार नाही. मलाही सांगितलं नव्हतं. हप्ता, ॲव्हरेज, डिकी, सगळं समजावलं. ते एक मिनिट पुस्तिकेत होतं, इंग्रजीत, आणि पुस्तिका अकरा वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत डॅशबोर्डच्या कप्प्यात होती. मास्तर असून ती मी उघडली नाही, याचं मला वाईट वाटतं.

गॅरेजमधून निघताना आप्पांनी विचारलं होतं, "किती लागले?" मी म्हणालो, "चौदा." ते काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी सव्वातीन क्विंटल." पुढं म्हणाले, "बरं झालं, थोडक्यात भागलं." वहीत चौदाच लिहिलेत. मी नंतर बघितलं.

गेल्या महिन्यात आईच्या तपासणीला गेलो होतो. आता सहा महिन्यांनी एकदा जावं लागतं. रिपोर्ट चांगले आले. येताना घाट चढून नेहमीच्या हॉटेलासमोर गाडी लावली. हँडब्रेक ओढला आणि हात मांडीवर ठेवला. शिट्टी थांबली होती, पंखा घरघरत होता. आप्पा दार उघडून उतरले, दोन पावलं गेले आणि परत आले. काचेवर टकटक केलं. मी काच थोडी खाली घेतली.

"बंद कर की. डिझेल जळायलंय."

मी मनात मोजत होतो, तीसपर्यंत आलो होतो. काय उत्तर द्यावं ते सुचेना. मागच्या सीटवर आई पदर सारखा करून टेकून बसली होती, एसीचा झोत तोंडावर घेत. डोळे न उघडताच ती म्हणाली, "जळू द्या."

आप्पा तिच्याकडं बघत उभे राहिले. मग हॉटेलच्या पोराला तिथूनच त्यांनी हाक मारली आणि चहा गाडीतच आणायला सांगितला, तीन. तोवर माझे साठ झाले होते. चावी मी तशीच राहू दिली.